टाकीच्या जागेसाठी पायलीभर धान

अन्याय झाला तो सावली गावातल्या, टिनकाम करणाऱ्या एका चाचांवर. गेल्या फेब्रुवारीत, मंगळवारी, सकाळी दहा चाळीसला. वेळ इतकी नेमकी सांगू शकतो, कारण अन्याय मी केला आणि फॉर्मवर वेळ टाकायचा रकाना होता.

मी तेव्हा चंद्रपुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही पोरं स्पर्धेसाठी शर्यतीची छोटी गाडी बनवत होतो. एका माणसाची, उघड्या चाकांची, ड्रायव्हरच्या पाठीमागे मोटरसायकलचं इंजिन. एरवी इंजिनाचं तेल खालच्या भांड्यात, म्हणजे संपमध्ये, पडून असतं. पण वळणावर जोरात गाडी घातली की तेल एका बाजूला सरकतं, पंप हवा गिळतो आणि इंजिन जाम होतं. आमचं एक तसं गेलंच होतं. मग ठरलं, ड्राय संप करायचा. खालचं भांडं काढायचं, तेल वेगळ्या उभ्या टाकीत ठेवायचं.

टाकी कम्प्युटरवर सुरेख बसली. बनवून आणली, तर इंजिनाशेजारी शिरेचना. कम्प्युटरातली फ्रेम सरळ होती. आमची आम्ही स्वतः वेल्ड केली होती. पाइप बोटभर इकडे, बोटभर तिकडे.

मी सावलीचा. आमच्या घरातली धानाची कोठी चाचांनीच बनवलेली. आता लोक प्लास्टिकचे ड्रम नेतात, त्यामुळे त्यांच्या दुकानात ठोकण्याचा आवाज कमी झालेला. गाडी छोट्या टेम्पोत घालून आम्ही सरळ त्यांच्याकडे नेली. सोबत आमचे सरही आले.

चाचांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "काऊन बे, येवढ्या मोठ्या कम्प्युटरले येवढीशी जागा दिसून नाई राह्यली?"

"दिसते चाचा, पण बसत नाई."

"मंग धान आन. पायलीभर."

"इथी पेरता का?"

"तुह्या लग्नाच्या अक्षता टाकतो. आन म्हनलं तं आन."

घरून धान आणलं. चाचांनी जुन्या पायजम्याचा एक पाय कापला, खालून शिवला आणि ती लांबोडी पिशवी इंजिन आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत सोडली. वरून नरसाळं लावून धान ओतायला लागले. मधूनमधून बाहेरून थापटत. धान कोपऱ्याकोपऱ्यात गेलं, पाइपाला वळसा घालून गेलं. कोठीची गळकी जागा शोधायला ते असंच करतात म्हणे, आणि बैलगाडीच्या पेटीचं मापही असंच घेतात. पिशवी टम्म झाल्यावर त्यांनी तोंड बांधलं आणि वर ओढली. पिशवी अडकली.

"पाह्य. भरली पिशवी निंगत नाई तं टाकीबी नाई घुसत. ही बॅटरी इथी कोनी ठेवली?"

"मी," आमचा कॅप्टन म्हणाला.

"झोपेत ठेवली का?"

बॅटरी काढून ड्रायव्हरच्या मांडीखाली नेली. रेडिएटरच्या पाण्याची बाटली पलीकडच्या पाइपाला बांधली. सायलेन्सरपासून चार बोटं सोडून चाचांनी तिथं आधी पुठ्ठा उभा केला, मग पुन्हा पिशवी, पुन्हा धान. तिसऱ्या खेपेला पिशवी बाहेर आली, अंगावर पाइपांचे ठसे घेऊन. चाचांनी ठशांवर खडू फिरवला, किती तेल मावेल ते कळायला धान मापात ओतून बघितलं. मी म्हणालो, तेलाला फेस येतो, वर मोकळी जागा लागेल. "दुधासारखं?" एवढंच विचारलं आणि टाकीची उंची चार बोटं वाढवली. दोन दिवसांत टाकी तयार. पहिल्याच वेळी बसली. गळली नाही.

सर खूश. त्यांनी तिथंच सांगितलं की कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या कामासाठी कंत्राटावर माणूस घ्यायचा आहे. चाचांकडे आयटीआयचा कागद नव्हता. सर म्हणाले, "स्पर्धेच्या कागदावर तुमचं नाव येऊ द्या, तोच पुरावा. मी प्राचार्यांपुढे ठेवतो." चाचांनी हात पुसून सरांना पाणी दिलं. स्वतःच्या हातानं. मी पाहिलं.

नाव लिहायचं काम माझं. कारण टीममध्ये नीट लिहिता मलाच येतं. एटापल्लीकडे तेंदूपत्त्याच्या फडीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, मी मजुरांना पत्रकं वाटतो: पानांचे पुडे आपल्या नावानं मोजून घ्या, आपलं नाव वहीत चढल्याशिवाय जागचं हलू नका. त्यातलं एक पत्रक तर चाचांच्याच दुकानात बसून लिहिलेलं.

मंगळवारी स्पर्धेच्या मैदानावर फॉर्म हातात आला. एक ओळ होती: बाहेरच्या कारागिराची मदत घेतली का? असल्यास त्याचं नाव. कॅप्टन कानाशी आला. "हो लिहिलं तर मार्क कापतात. नाही टाक. चाचांना नंतर वेगळं पत्र देऊ." सर शेजारीच उभे होते. ते मोबाइलमध्ये बघत राहिले.

मी 'नाही' लिहिलं. सही केली. वेळ टाकली.

मग परीक्षक आले. टाकीजवळ वाकले. एवढ्याशा जागेत ही बसवली कशी, हिंदीत विचारलं. मी म्हणालो, कम्प्युटरवर मॉडेल करून. ते मान डोलवत होते, तेवढ्यात टाकीच्या कोपऱ्यातून त्यांनी चिमटीत काहीतरी काढलं. धानाचा दाणा.

"ये क्या है?"

"कचरा है सर. वर्कशॉप के बाजू में खेत है."

पोरं हसली. परीक्षकही हसले. दाणा त्यांनी टिचकीनं उडवला.

आमच्या कोठीतलं धान ते. माझ्या आईनं सुपात पाखडून दिलेलं.

ढाल मिळाली. वेगळं पत्र कोणी दिलं नाही. महिन्याभरानं चाचा कॉलेजात गेले, धुतलेला शर्ट घालून. ऑफिसात त्यांना आमच्याच फॉर्मची प्रत दाखवली. तुमच्या पोरांनीच लिहून दिलंय, बाहेरची मदत घेतली नाही. मग तुम्ही कोण?

मी दुकानात गेलो तेव्हा चाचा बादलीला बूड लावत होते. मी सगळं सांगितलं, दाण्याचंही. हातोडी थांबली नाही.

"टाकी गळली का?"

"नाई चाचा."

"मंग कचरा काऊन म्हनला बे?" आता हातोडी थांबली. "मजुराचं नाव वहीत चढवा म्हनून तू लिवलं, ते माह्या ह्या पेटीवर बसून लिवलं. चहा मी पाजला. अन माह्या नावाच्या वक्ताले तुही पेन वाकडी झाली?"

 

मी खोटं लिहिलं, असं पत्र नंतर मी कॉलेजला दिलं. आवक-जावकचा शिक्का बसला, बस्स. त्या जागेवर दुसरा माणूस लागला. त्याच्याकडे कागद आहे. चाचा आता प्लास्टिकच्या ड्रमांना कड्या बसवून देतात.

कॅप्टन म्हणतो, एवढ्याशा ओळीचं काय घेऊन बसलास. सरही तेच म्हणतात, जरा गोड आवाजात. ती एवढीशी ओळ एका माणसाची भाकर होती, आणि तिघांनी मिळून ती खाल्ली. त्यातला एक मी.

ती गाडी आता त्या कॉलेजच्या दारात, काचेमागे उभी आहे. प्रवेशाच्या दिवसांत पालकांना दाखवतात. चंद्रपूर-गडचिरोलीचे तुम्ही, पोराला घेऊन असल्या एखाद्या दारात उभे राहणारच. तिथं ड्रायव्हरच्या सीटमागे वाका, इंजिनाच्या डाव्या बाजूची टाकी बघा आणि समोर जो कोणी असेल त्याला मोठ्यानं विचारा: ही कोणी बसवली? माणसाचं नाव सांगेपर्यंत फीच्या फॉर्मवर सही करू नका.