तिची गर्मी, माझं इंजेक्शन

माझ्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला तेव्हा बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. लेक मला तिवस्याकडच्या गावातून अकोल्याला आपल्या घरी घेऊन आली. इथे दर तीन महिन्यांनी दवाखान्यात एक इंजेक्शन देतात. त्यानं पुरुषाचं हार्मोन बंद होतं, आणि ते बंद झालं की कॅन्सरचं खाणं तुटतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बाकावर शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला, "म्हंजे आपल्याले बैल करून राहिले, भाऊ!" सारे हसले. मीही हसलो. जन्मभर गोऱ्हे खच्ची करताना दोर मीच धरला होता, आता माझा नंबर.

दुसऱ्या इंजेक्शननंतर, भर पौषात, अंगाला आग लागली. छातीतून निघायची आणि मान, कान करत टाळूपर्यंत जायची. बनियन ओलं व्हायचं. पाच मिनिटांनी हुडहुडी.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाबा, बायकांची पाळी जाते तेव्हा असंच होतं. त्यांचं हार्मोन कमी होतं, इथं तुमचं झालं."



माझ्या बायकोनं हे चार-पाच वर्षं काढलं. थंडीत स्वेटर काढून फेकायची. नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर आडवी व्हायची. मी म्हणायचो, "म्हशीवानी काहून लोळून राहिली?" मग मीच ठरवलं, हिच्या अंगात उष्णता झाली. मिरची बंद, गूळ बंद, ठेचा तर बिलकुल बंद. ठेच्याशिवाय तिला भाकर जात नव्हती. माझ्यासाठी मात्र रोज तीच कुटायची, आणि स्वतः फिकं वरण खायची. एकदा खलबत्त्याला लागलेला ठेचा बोटानं चाटताना दिसली, तर लेकीदेखत मी तिला वाट्टेल ते बोललो. ती हात धुऊन आली.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "यावर गोळी हाये काय?"

"आहे ना, लिहून देते."

"बायकांसाठी बी?"

"त्यांच्यासाठीही उपाय असतात, बाबा. तपासून देतो आम्ही. घरी कोणाला त्रास आहे का?"

"होता," मी म्हटलं.

घरी आल्यावर लेकीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवला नाही तिनं.

"आई मले म्हने, दवाखान्यात जाऊन येऊ. मी तयार झाली तं म्हने, राहू दे, तुह्या बापाले समजलं तं चार लोकांत हासते."

ताट वाढलं. भाकर, वरण, कांदा.

"ठेचा नाही केला काय?"

"उष्णता झाली नं तुमाले, बाबा," ती म्हणाली. "तुमचा बी बंद करू काय?"

मी भाकर मोडली. ती उठली, फळीवरची वाटी आणली आणि ताटाशेजारी आदळली. ठेचा केलेलाच होता. "खा," म्हणाली. मी वरणाशीच भाकर संपवली. वाटी तशीच राहिली.

गोळी लागू पडली. पंधरा दिवसांत आग निम्म्यावर आली. एका गोळीचं काम होतं, एवढंच.