धाकट्याने भरलेली काडतुसे

त्या घटनेला बरीच वर्षे लोटली, पोलीस खात्यातून मी निवृत्तही झालो. तरी मावळात कुणी रानडुकरांचे गाऱ्हाणे सांगू लागले, की ती जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते.

दुपारी चारच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस नाव सांगेना.

"टाकव्याच्या वरल्या वस्तीवर एक जण गेलाय. दगडावर पडला म्हनत्यात. पन आमी बार ऐकलाय, सायेब. आन् लय घाईनं जाळाय निघाल्यात."

आम्ही पोहोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. अंत्यविधी थांबवला, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवले. मृत हा पन्नाशीचा शेतकरी. त्याच्या गळ्यात गोळी नव्हे, तर पोलादाचा वाकडा तुकडा सापडला.

त्याचा धाकटा भाऊ लोणावळ्याजवळच्या एका कारखान्यात टर्नर होता. डाव्या हाताला फडके गुंडाळलेले.

"ग्राइंडर लागला," तो म्हणाला.

फडके सोडायला लावले. कातडीत बारीक काळे ठिपके रुतले होते. बंदुकीची जळती दारू उडाली की असे ठिपके राहतात, धुऊन जात नाहीत. तरी दोन तास तो ग्राइंडरचेच सांगत राहिला. आवाज चढवला तर हा माणूस बोलणार नाही, हे मला कळले. मी फक्त त्या तुकड्याचा फोटो त्याच्यापुढे सरकवला. आयुष्यभर लोखंड कातलेला माणूस. त्याने एका नजरेत ओळखले.

"ह्यो सिलिंडरचा हाय," तो पुटपुटला आणि टेबलावर डोके टेकून रडू लागला.

घरात आजोबांच्या वेळचे रिव्हॉल्व्हर होते, विनापरवाना; काडतुसे बसतात ते त्याचे फिरते चाक म्हणजे सिलिंडर. डुकरे भात तुडवत, म्हणून हा रिकामी काडतुसे घरीच भरी. काळी दारू संपली, तेव्हा 'तिच्यासारखीच आहे' म्हणून कुणीतरी दिलेली दुसरी पूड त्याने भरली. तिचा जोर किती, हे त्याला ठाऊक नव्हते.

"मीच म्हनलं, दादा, उडवून बघ. मी श्येजारीच हुतो. बार काढला आन् ते हातातच फुटलं."

पंचांसमक्ष त्याने पेंढ्याच्या गंजीखालून ते फुटलेले रिव्हॉल्व्हर काढून दिले. तेवढ्यात त्याची वहिनी घरातून बाहेर आली.

"दगडाचं मीच सांगितलं, सायेब. त्यो न्हाई. एक तर गेला, दुसरा कसा देऊ?"

मी विचारले, "तुमच्या मालकांना धोका वाटला नाही?"

"इचारलंबी न्हाई. धाकल्यानं भरलंय, म्हंजी चांगलंच आसंल, म्हनले."

माझ्या हवालदाराने ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले.

निष्काळजीपणाने मृत्यू आणि बेकायदा शस्त्र, अशी कलमे लागली. दोषारोपपत्र मीच दाखल केले. धाकट्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याला कैद झाली. संशयास्पद मृत्यू म्हटला की पहिला प्रश्न आम्ही शिकलेलो असतो: याचे वैर कुणाशी होते? त्या तपासानंतर हा प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळू लागली. तो माणूस वैराने गेला नव्हता, विश्वासाने गेला होता. आणि अशा गुन्ह्याची शिक्षा कोर्टाने दिलेल्या मुदतीत संपत नाही.

धाकटा सुटला, त्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाशी त्याला न्यायला एकच व्यक्ती आली होती. त्याची वहिनी.