डोमाजीनं पास केलेली पिस्तुलं

डोमाजी म्हणजे यवतमाळच्या पोलीस मुख्यालयातला हत्यारं दुरुस्त करणारा हवालदार. सरकारी शिक्क्यावर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. बासष्टच्या थंडीत नवी पिस्तुलं आली, तेव्हा साहेब म्हणाले, "चाचण्या घेऊन सरकारनंच मंजूर केलीत." डोमाजी फटकन बोलला, "त्यायनं त्यायचं तपासलं, साहेब. हे आपल्याकडचे कोनं झाडून पाह्यले?"

झालं, तपासणी त्याच्याच गळ्यात पडली! पिस्तुलं पास झाली तर त्याच्या एकुलत्या एका पोराची, गोविंदाची, तुकडी ती घेऊन सरहद्दीकडे निघणार होती. नापास झाली तर दुसऱ्या जिल्ह्याची तुकडी जाणार. छप्पनमध्ये बुद्धाची दीक्षा घेतली त्या साली मॅट्रिक झालेला गोविंदा आता फौजदार होता, आणि बापाला तो डोळ्यांसमोर हवा होता.

मग डोमाजीनं त्या पिस्तुलांवर सूडच उगवला म्हणा ना. काळ्या मातीत लोळवली, जिनिंगमधली रुईची धूळ आत फुंकली. एक तरी अटकावं अशी त्याची फार इच्छा. एकही अटकलं नाही. शेवटी तेल देऊन आठवडाभर पेटीत ठेवली, आणि काय नवल, पहिलंच पिस्तूल अडलं! डोमाजीला हर्ष झाला. पण नाकाशी धरताच जवसाचा वास आला. तेलाची कुपी त्याच्या डब्याच्या पिशवीतूनच घरी-कचेरीत फिरायची, आणि जवसाचं तेल सुकून लोखंडाला चिकटतं हे वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईला तव्यावरून कळतं.

घरी बायको तुळसाबाई भाकरी थापत होती. त्यानं विचारल्यावर कुपीतलं तेल आपणच बदललं हे तिनं लपवलं नाही. "पोरगं जाऊन राह्यलं माह्यं. तुमाले नापास म्हनाले काय होते?"

"आपला नाही गेला तं दुसऱ्या कोनाचा जाईन न, तुळसे," डोमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी पिस्तुलं पुसली, पुन्हा झाडली आणि साहेबांना सांगितलं, "चालते."

गोविंदा गेला. त्यानंतर एस्टीतून कुणी खाकी कपड्यातला उतरला की डोमाजी उगाच उठून उभा राहायचा.

वर्षानं तुकडीतला फुलसिंग सुट्टीवर आला. मोठ्या कौतुकानं सांगू लागला, "काका, तुमची पिस्तुलं बर्फात बी अटकत नाही! तिथले साहेब एवढे खूश, का आमची तुकडी अजून दोन साल तिथंच ठेवून घेतली. फौजदारसायबाले तं सोडतच नाही."

तो गेल्यावर तुळसाबाई दारातच बसून राहिली.

"इतकं चांगलं कायले तपासलं हो तुमी?"

डोमाजीही तेच स्वतःला विचारत होता.