ज्योतीभोवतीचं वलय

दर्शन, साक्षात्कार यांवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि ते घडलं तेव्हाही बसला नाही. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाले होते. श्वास सुधारला, पण तहान भागेना आणि सारखं लघवीला उठावं लागे. गोळ्या उष्ण पडल्या, असं मी ठरवून टाकलं. श्रावणी सोमवारच्या उपासाला गोड चालतंच. तेव्हा थंडावा म्हणून केळी, सरबत, उसाचा रस असं घेत नणंदेबरोबर नाशिकहून त्र्यंबकेश्वरला गेले.

देवळात समईकडे पाहिलं, तर ज्योतीभोवती मोठं वलय. मग एकीच्या दोन ज्योती. मी खांबाला धरलं. "वहिनी, तुम्हाला दर्शन झालं!" नणंदेनं हात जोडले. देवासमोर उभी होते आणि मनात फक्त पाणी होतं.

बाहेर पायरीवर बसले. नणंदेनं रसाचा ग्लास आणला. तो तोंडाला लावणार, एवढ्यात कुणीतरी माझं मनगट पकडलं आणि ग्लास काढून घेतला. रांगेत आमच्या मागे असलेली, बोलताना येवल्याकडची आहे म्हणालेली बाई होती.

"ताई, मघाधरनं पानी पिताय, तरी तोंड कोरडंच. साखर हाय का तुमाला?"

"नाही हो, दम्याच्या गोळ्या चालू आहेत. स्टेरॉइड."

"माझ्या भावालाबी त्यानंच साखर चढली व्हती. बेसुद पडला."

"अहो, उपास आहे त्यांचा! द्या तो ग्लास," नणंद तडकली.

"मला मागून शिव्या घाला. आधी रक्त तपासा." तिनं रस सरळ ओतून टाकला आणि आम्हाला नाशिकच्या जीपमध्ये बसवून दिलं.

दवाखान्यात साखर इतकी निघाली की यंत्रावर आकडाच उमटेना. रात्र घरी काढली असती तर शुद्ध गेली असती, कदाचित जीवही, असं डॉक्टर म्हणाले. सलाइन, इन्सुलिन सुरू झालं. गोळ्या आजच बंद करते, मी जाहीर केलं. "एकदम सोडल्यात तर तोही धोका. कमी मी करीन, तुम्ही नाही," डॉक्टरांनी दटावलं. सगळं स्वतः ठरवणारी मी 'बरं' म्हणाले. स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोडून देणं म्हणतात ते हेच असावं.

साखर वाढून नजर धूसर झाली होती, वलय त्याचंच होतं, हे मला माहीत आहे. नणंद अजून त्याला दर्शन म्हणते. मी वाद घालत नाही. पण एवढ्या गर्दीत तीच बाई आमच्या मागे का उभी होती, हे मला आजही उलगडत नाही. तिचं नावसुद्धा विचारायचं राहिलं. संध्याकाळी समई लावते. ज्योत एकच दिसते, स्वच्छ, वलयाशिवाय. तेवढं पाहते आणि हात जोडते.