मावशीबाय

पेणच्या एसटी स्टँडवर माझी ट्रंक भावाने, नरेशने, गाडीत चढवली. आई आली नव्हती. ती त्या सकाळी शेजारच्या गावात लग्न लावत होती. आई धवलारीन. आमच्या आगरी लग्नात ही बाई धवले गाते आणि गाण्यातूनच सांगते, आता तांदूळ आणा, आता पाट मांडा. माणसं तसं करतात. आदल्या दिवशी मी म्हटलं होतं, अर्धा तास तरी ये. ती म्हणाली, "गाडी दुसरी मिलल. लगनाची वेल मिलायची नाय." तिचं बरोबर होतं. मी बडोद्याला गेले. नवऱ्याची नोकरी तिथे होती. आमचं लग्न कचेरीत सह्या करून झालं होतं, त्यात आईला गायला काही नव्हतं.

मिठागरावर काम करतानाही ती गायची. "आयकून ठेव, कवातरी कामाला यईल." मी अर्ध्या कानाने ऐकलं. मला तिथून निघायचं होतं, गाणी पाठ करायची नव्हती.

बडोद्यात मी ब्लाउज शिवायला लागले. पहिली काही वर्षं 'बेन' होते, मग सगळ्यांची 'मासी', म्हणजे मावशी, झाले. भाजीवाला, वॉचमन, माप द्यायला येणाऱ्या पोरी, सगळे मासीच म्हणतात. तिथे वयाने मोठ्या बाईला हाक मारायची ती अशीच. मीही त्या हाकेला वळून बघायला शिकले.

आई गेल्यानंतर काही वर्षांनी गावातल्या मनोहरचा फोन आला. त्याने मंडळ काढलं होतं. "ताई, आपल्या धवल्यांचं पुनरुज्जीवन करतोय. काकूची गाणी आता तुझ्याकडेच हायत." खरं सांगायचं तर बरं वाटलं. स्वयंपाकघरात मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवला, कुकर चढवला आणि गायला बसले. नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून कलश आणतात, त्या कडव्याशी अडखळले. कलश कोण उचलते? तोंडातून निघून गेलं, 'कलश उचल गो मावशीबाय'. चालीत बसलं, म्हणून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसल्यावर आठवलं. आई 'आत्याबाय' म्हणायची. व्हिडिओ तर गेला होता. एका शब्दासाठी कुठे फोन करायचा, म्हटलं आणि पुढचा ब्लाउज शिवायला घेतला.

गेल्या वर्षी नरेशच्या मुलीचं, सायलीचं लग्न ठरलं. ती त्याची एकुलती एक आणि मी तिची एकुलती एक आत्या. म्हणजे जन्मात एकदा कलश माझ्या हातात यायचा तो याच लग्नात. पदर ओला झाला तरी रंग जाणार नाही अशी साडी मी मुद्दाम घेतली.

मांडवात मंडळाचा फलक होता, 'परंपरेचं पुनरुज्जीवन'. मला सोफ्यावर बसवलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. एकसारखी लुगडी नेसलेल्या तीन पोरी मंडळाने छापलेल्या पुस्तकात बघून गायला लागल्या. मी शाल बाजूला ठेवून तयारीत बसले. 'कलश उचल गो मावशीबाय' आलं आणि वहिनीची बहीण कल्पना उठली.

"अगो, तो आत्या उचलते," मी म्हटलं.

"मी हौसेनं नाय उठले हां," कल्पना हसली. "पुस्तकात हाय."

गाणाऱ्यांतल्या एकीने मोबाईल पुढे केला. माझाच आवाज आणि मागे कुकरची शिट्टी. "आत्या, तूच गायलेलं ना?"

"बस गं," नरेश म्हणाला. "वेल चाललीय. आई असती तर तुलाच वराडली असती."

मी बसले. कुणीतरी शाल पुन्हा खांद्यावर घातली. कल्पना कलश घेऊन माझ्या समोरून गेली, पाणी न सांडता. तिने काम चांगलं केलं, हे सांगायला हवं.

आई ओरडली नसती. ती मांडवात आधी कोण उभं आहे ते बघायची. आत्या नसलेल्या घरात चुलतीला हाक जायची, तीही नसली तर शेजारणीला. तिचं गाणं माणूस बघून बोलायचं. त्यामुळे मावशी हा शब्दही एखाद्या घरी बरोबर ठरला असता. मी गायले रिकाम्या स्वयंपाकघरात. समोर कुणीच नव्हतं आणि मंडळाने तेच छापलं. मिठात पाणी ओतलं म्हणून खाडी परत येत नाही, हे मिठागरावर वाढलेल्या बाईला आधी कळायला हवं होतं.

मनोहरला फोन करून सांगितलं, शब्द दुरुस्त कर. म्हणाला, "ताई, चार गावांत तसंच बसलंय. आता बदललं तर लोक आम्हाला खोटं म्हणतील."

"खोटंच आहे ते."

"मग तुलाबी म्हणतील."

मी फोन ठेवला. गावी गेले की अजून मला सोफ्यावर बसवतात. माझ्यासारखे निघून गेलेले मला म्हणतात, तू निदान काहीतरी राखलंस. गावात राहिलेले म्हणतात, तूच सांगितलंस.

यंदा मंडळाने हळदीची गाणी मागितली. तोच डबा, तोच मोबाईल. मधलं एक कडवं आठवेना. या वेळी मी जागा भरली नाही. म्हटलं, "इथे मला आठवत नाही," आणि पुढचं कडवं गायले.

व्हिडिओ तयार होऊन आला तेव्हा तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडलेली होती. सांधा कळतही नाही. शिवणकाम करणारी बाई म्हणून सांगते, सफाईने केलंय.

माझं गाव आता त्या कापलेल्या तुकड्याएवढं आहे. बाकी सगळं पुस्तकात मिळेल.