विनिपेगला लावलेला सर्वेचा फोन

परवा रविवारी संध्याकाळी मी जबलपूरच्या घमापुरातून माझ्याच भावाला फसवायला फोन लावला... डायरेक्ट कॅनडाला.

दादा विनिपेगला आहे, तीन वर्षं झाली. शिकायला गेला, शिकला, आता एका गोदामात खोके उचलून राहिला. इकडे आईनं सगळ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलंय की पोराची पीआर आलीच समजा... म्हणजे तिथं कायमचं राहायची परवानगी.

मी बारावीत दोनदा लटकलेला माणूस. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. पण कॅनडाचं काहीही विचारा... घरभाडं काहून चढलं, बाहेरच्या पोरांचे व्हिसा काहून कमी केले, फॅमिली डॉक्टर मिळत नाही म्हणून लोक किती वैतागले, सगळं वाचतो. आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण ते मात्र विचारू नका.

वाचतो कारण दादा काही सांगत नाही. व्हिडिओ कॉलवर एकच, "सब बढ़िया". अन् मग आईसोबत भाजी कोणती केली, याच्या गप्पा.

खरं सांगू... दादा गेल्यापासून मला मराठी बोलायला कोणी उरलं नाही. बाजारात ती आमची दोघांची गुप्त भाषा होती. दुकानदारासमोर उभं राहून त्याचीच मजा घ्यायची, अन् चेहरा एकदम सीधा. आता आई आहे, पण आईसोबत कोणाची मजा घेणार?

दोस्त पण गेले. कोणी इंदूर, कोणी पुणे. मग मी फोनवर लोकांना फसवत बसतो... कधी बँडवाला होतो, कधी टेंटवाला. तेवढीच कोणाशी बातचीत.

तर परवा ॲपवरून बाहेरचा नंबर घेतला, आवाज जाडा केला. "नमस्ते जी, कम्युनिटी सर्वे से बोल रहे हैं. पाँच मिनट देंगे? हिंदी में भी चलेगा."

तिकडे सकाळ होती. मला वाटलं, शिव्या देऊन फोन ठेवंल अन् मी पोट धरून हसीन. तो म्हणाला, "पूछिए. आज छुट्टी है."

पहिला सवाल मुद्दाम टोचणारा ठेवला होता. आपके हिसाब से बाहरवाले ज़्यादा आ गए क्या?

तो भडकला नाही. शांतपणे बोलला, "इनके बच्चों को भी घर नहीं मिल रहा जी. ये लोग गलत नहीं हैं. पर मैं भी कोई लाइन तोड़ के नहीं आया... इन्होंने ही बुलाया था."

मग राहता कुठं, विचारलं. बेसमेंट. चार पोरं, एक खिडकी, थंडीत तीही बर्फानं बंद. दोस्त आहेत का, विचारलं. तर चौघांच्या शिफ्ट वेगळ्या, एकत्र जेवण कधी होतच नाही.

कागदावर मी पाचच सवाल लिहिले होते. ते संपले, तरी तो बोलूनच राहिला... सर्वेवाल्याला कोणी इतकं सांगतं का? मग मी मनाचेच विचारत गेलो, अन् त्या नादात तोंडातून निघून गेलं, "अच्छा बड्डे, और वर्क परमिट कब तक का है?"

बड्डे. जबलपूरमध्ये पानवाल्यापासून प्रोफेसरपर्यंत सगळे एकमेकांना बड्डे म्हणतात, म्हणजे आपलं 'भाऊ'. जबलपूरच्या बाहेर हा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. मी फोन तोंडापासून दूर धरला.

मग तो बोलला, "मार्च तक."

पीआरसाठी पॉइंट कमी पडून राहिले. मध्येच नियम बदलले. दर ड्रॉमध्ये, म्हणजे पीआरची नावं निघतात त्यात, त्याचं नाव थोडक्यासाठी राहून जातं. अन् शेवटी, "घर पे बताया नहीं जी. मम्मी ने मोहल्ले में बोल रखा है ना."

मी थँक्यू म्हणून ठेवणार, तर एकदम मराठीत आवाज आला. "आईला तू सांगू नको. मी सांगतो."

अन् मग, "अजून काही विचारायचं आहे काय तुला?"

आवाज बदलायचं ॲप चालूच होतं. मी त्याच जाड्या आवाजात म्हणालो, नाही दादा. दोघंही हसलो नाही... मग फोन कितीतरी वेळ तसाच चालू ठेवला.

काल त्यानं आईला स्वतः सांगितलं, म्हणून आज लिहून राहिलो. आई रडंल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "नसेल जागा त्यांच्याकडे, तर भांडू नको कोणाशी. ये." आज सकाळी शेजारच्या काकींनी पीआरचं विचारलं, तर म्हणाली, "अभी पक्का नहीं है दीदी," अन् कोथिंबीर निवडत राहिली.

एक गोष्ट मात्र दादाला सांगितली नाही, ती इथंच सांगतो. मार्च ऐकल्यावर सगळ्यात आधी मी खूश झालो होतो. एकच सेकंद. त्याच्या खाटेवर मी कपड्यांचा ढीग लावून ठेवलाय, तो आता उचलावा लागंल, असं डोक्यात आलं. मग इतकी लाज वाटली की काय सांगू.

दादा, तू फोन कापला नाहीस, त्याचं थँक्यू. रोज उठल्याबरोबर ड्रॉचे आकडे बघतो मी. तुझं व्हावं म्हणूनच बघतो... निदान रोज तसं ठरवून तरी बघतो.