आमच्या देवीला दाणा चालत नाही

माझा भाऊ देवाचा प्रसाद खाऊन गेला.

आज दसरा, वर्ष झालं. लोक अजून विचारतात, हार्टचं होतं का? नाही हो. शेंगदाण्याचा लाडू.

आमच्या घरात दाणा कधी आलाच नाही. आजोबांनी खाल्ला की ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या. आई सांगायची, "आपल्या देवीला दाना चालत न्हाय. खाल्ला का ती कोपते."

आम्हीही तेच धरून चाललो. अ‍ॅलर्जी हा शब्द कुणाच्या डोक्यात आलाच नाही.

संदेशदादा पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली आणि त्याच्या हातावर लाडू पडला. दाण्याचा आहे हे त्याला दिसत होतं.

सोबतचे सांगतात, तो जरा थांबला. मग हसला.
"प्रसाद है भाई, मना कैसे करूँ? देवाचंच आहे, देवी काय बोलनार."

कपाळाला लावला आणि खाल्ला.

सगळ्यांना वाटलं ठसका लागलाय. पाणी दिलं, पाठ चोळली. हॉस्पिटल येईपर्यंत श्वास राहिला नाही.

आता खरं सांगते. मला खूप भीती वाटतेय.

माझी निहू सहा महिन्यांची झाली. गाल आणि कोपराच्या घड्या सारख्या लाल, रात्रंदिवस खाजवते. डॉक्टर मॅडमना दादाचं आणि आजोबांचं सांगितलं, तर त्यांनी लिहायचं थांबवलं.

"अ‍ॅलर्जीचा कल घराण्यातून येऊ शकतो. हिला दाण्याचीच असेल असं नाही, नसेलच असंही नाही. पण एक्झिमा आहे, म्हणून घरी चाटवून बघू नका. आधी टेस्ट. मग काय ते इथेच, आमच्यासमोर."

मी म्हटलं, "आणि आयुष्यभर दिलाच नाही तर?"

"तुम्ही नाही दिला तरी कुणीतरी देईलच," त्या म्हणाल्या.

मी स्वतः दाणा कधी चाखलेला नाही. माझ्यात काय आहे आणि तिला मी काय दिलंय, मलाच माहीत नाही.

टेस्ट परवा आहे. आई देवीची ओटी भरून आली. मी अडवलं नाही.

दादा, उष्टावण मामाने करायचं असतं. पेज तर मीच भरवली. आता मॅडम म्हणाल्या तर दाण्याचं पहिलं बोटही तिथेच चाटवणार, शेजारी इंजेक्शन तयार ठेवून. मी तिला मांडीवर घेऊन नुसती तिच्या ओठांकडे बघत बसणार आहे.

तुला नमस्कार, दादा. परवा आमच्याजवळ राहा.